विंडोजशेजारी उबुंटू: ५१२ जीबीच्या डिस्कचे भाग कसे पाडावेत?

जुळारी

नमस्कार. कराडला माझा लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल आणि स्मरणिका जुळवून देण्याचा छोटा व्यवसाय आहे. सर्व काम श्रीलिपी आणि कोरलड्रॉ यांत चालते, त्यामुळे विंडोज सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मुलगी मात्र संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला प्रात्यक्षिकांसाठी लिनक्स हवे आहे. घरात लॅपटॉप एकच असल्यामुळे त्यावरच विंडोज ११ च्या शेजारी उबुंटू २४.०४ हे लिनक्स बसवावे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी आहे. विंडोज ती ४७६ जीबी दाखवते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिले असता सुरुवातीला १०० एमबीचा ईएफआय (संगणक सुरू करण्यासाठीचा) भाग, नंतर सुमारे ४७५ जीबीचा सी ड्राइव्ह आणि अगदी शेवटी एक लहानसा रिकव्हरी भाग दिसतो. सी ड्राइव्हवर १९० जीबी भरलेले असून उरलेली २८५ जीबी जागा मोकळी आहे. तरीही सी ड्राइव्ह लहान करायला गेल्यावर विंडोज फक्त ४१ जीबी सोडायला तयार होते. ओळखीच्या दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे असे की सर्व पुसून पहिल्यापासून भाग पाडावे लागतील; ते मला परवडणारे नाही, कारण जुने फॉन्ट आणि त्यांची नोंदणी पुन्हा बसवण्यात माझा आठवडा जाईल.

विंडोजला किती आणि उबुंटूला किती जागा द्यावी, मोकळी जागा असूनही ती का सुटत नाही, आणि दोन्हीकडून उघडता येईल असा एक सामाईक भाग ठेवता येतो का, एवढे कृपया सांगावे.

रात्रपाळी

पुसून टाकण्याची काहीही गरज नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सुटल्याशिवाय बाकीच्या चर्चेला अर्थ नाही.

सी ड्राइव्ह लहान करताना विंडोज त्याच्या शेपटीकडील फायली उचलून पुढच्या मोकळ्या जागेत आणते आणि मग शेपटी कापते. काही फायली मात्र तिला चालू अवस्थेत हलवता येत नाहीत. हायबरनेशनची (संगणक झोपवताना त्याची अवस्था साठवणारी) फाइल, पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यास वापरली जाणारी) आणि सिस्टिम रिस्टोअरसाठी राखलेल्या जुन्या प्रती या त्यांतल्या प्रमुख. यांपैकी एखादी फाइल ड्राइव्हच्या शेवटाकडे पडलेली असली, तर तिच्यामागे दोनशे जीबी मोकळे असूनही कापणी तिच्यापाशीच थांबते. तुमच्या बाबतीत ती शेवटापासून ४१ जीबीवर कोठेतरी बसलेली असणार. नेमकी कोणती फाइल आडवी आली हे पाहायचे असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमधील ॲप्लिकेशन विभागात २५९ क्रमांकाची नोंद शोधावी. तीत फाइलचे नाव दिलेले असते.

उपाय सरळ आहे. हायबरनेशन बंद करावे, पेजफाइल तात्पुरती शून्यावर आणावी, सी ड्राइव्हचे सिस्टिम प्रोटेक्शन बंद करावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग ड्राइव्ह लहान करून पाहावा. सिस्टिम प्रोटेक्शन बंद केल्यावर जुने रिस्टोअर पॉइंट जातात, हे लक्षात ठेवूनच ते करावे. काम झाल्यावर पेजफाइल आणि प्रोटेक्शन पूर्ववत करावे. हायबरनेशन मात्र बंदच राहू द्यावे. त्याचे कारण पुढे येते. हे लहान करण्याचे काम विंडोजच्याच साधनाने करावे. उबुंटूच्या पेनड्राइव्हवरूनही ते होऊ शकते, परंतु विंडोजचा ड्राइव्ह विंडोजने कापलेला बरा, असे माझे मत आहे.

आता किती जागा द्यावी, याविषयी. हा प्रश्न सगळेच विचारतात, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की कोणता भाग कोणाच्या शेजारी असावा. आकड्याचा अंदाज चुकतोच. चुकल्यानंतर तो दुरुस्त करता येईल की नाही, हे शेजारावर अवलंबून असते. डिस्कवरील एखादा भाग त्याच्या शेवटाकडून वाढवणे स्वस्त आणि जवळपास बिनधोक असते, कारण आतील काहीही हलवावे लागत नाही. तोच भाग सुरुवातीच्या बाजूने वाढवायचा झाला, तर त्यातील सर्व मजकूर आधी मागे सरकवावा लागतो. त्याला तास लागतात आणि मध्येच वीज गेली किंवा बॅटरी संपली, तर त्या भागाचे काय होईल याची खात्री देता येत नाही. म्हणून ज्या भागाला पुढे जागा कमी पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच्या लगेच पुढे सहज रिकामा करता येईल असा भाग असला पाहिजे.

तुमच्याकडे जागा कमी पडणार ती सी ड्राइव्हलाच, कारण विंडोजचे वार्षिक अद्ययावतीकरण आणि कोरलच्या तात्पुरत्या फायली दोन्ही तेथेच वाढतात. सामान्यतः लोक सी ड्राइव्ह कापून त्याच्या लगेच पुढे उबुंटू बसवतात आणि सामाईक भाग शेवटी ठेवतात. दोन वर्षांनी सी भरतो, आणि त्याच्या पुढे मात्र उबुंटू भिंतीसारखे उभे असते. याऐवजी सी ड्राइव्ह सुमारे २५० जीबीचा ठेवावा, त्याच्या पुढे सुमारे ११० जीबीचा सामाईक डी ड्राइव्ह करावा आणि उरलेले सुमारे ११५ जीबी उबुंटूला द्यावेत. सीला जागा कमी पडली की डीमधील मजकूर बाहेरच्या डिस्कवर काढायचा, डी पुसायचा, सी हवा तेवढा वाढवायचा आणि उरलेल्या जागेत पुन्हा डी करायचा. उबुंटूला या सगळ्याची चाहूलही लागत नाही. उलट उबुंटूला जागा कमी पडली, तर डीच्या जागेत एक वेगळा ईएक्सटी-४ (लिनक्सच्या फाइलपद्धतीचा) भाग करून तो होम, म्हणजे वापरकर्त्याच्या फायलींची जागा, म्हणून जोडता येतो, म्हणजे मूळ उबुंटू जागचे हलवावे लागत नाही.

११५ जीबी उबुंटूला भरपूर आहेत. उबुंटू किमान २५ जीबी मागते, तथापि स्नॅप पॅकेजे (उबुंटूत सॉफ्टवेअर बसवण्याचा एक प्रकार), कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) जुन्या प्रती आणि मुलीची साधने धरली तर ५० जीबीच्या खाली जाऊ नये. स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा, यासाठी वेगळा भाग काढू नका. उबुंटू डेस्कटॉप २०१७ च्या १७.०४ आवृत्तीपासून स्वॅपसाठी भागाऐवजी फाइल वापरते. जुन्या पुस्तकांत आढळणारा ‘रॅमच्या दुप्पट स्वॅप’ हा नियम रॅम १२८ एमबी असायची त्या काळातला आहे.

डी ड्राइव्हला एनटीएफएस ही विंडोजची फाइलपद्धती द्यावी. लिनक्सच्या ५.१५ आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ अखेरपासून, एनटीएफएस वाचण्या-लिहिण्याची सोय थेट कर्नलमध्येच आहे. मात्र विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर संगणक ‘बंद’ केल्यावरही विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही. ती आपली अवस्था डिस्कवर लिहून झोपी जाते आणि तिने जोडलेले एनटीएफएस भाग अर्धवट उघडे राहतात. अशा भागावर लिनक्सने काही लिहिले, तर विंडोज जागी झाल्यावर तिच्या स्मरणातील चित्र आणि डिस्कवरील वस्तुस्थिती यांचा मेळ बसत नाही. म्हणून लिनक्स असा भाग लिहिण्यासाठी उघडण्याचे नाकारते किंवा फक्त वाचू देते, आणि लोक समजतात की डिस्क बिघडली. हायबरनेशन पूर्ण बंद केले की फास्ट स्टार्टअपही बंद होते. उबुंटूतही हायबरनेट करून विंडोजमध्ये जाऊ नये. धोका तोच आहे, फक्त दिशा उलटी.

घाटमाथा

रात्रपाळी यांच्या शेजाराच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु एका बाबतीत मतभेद नोंदवतो. उबुंटूचे ११५ जीबी एकाच भागात न ठेवता सुमारे ४५ जीबी रूटला (मूळ प्रणालीच्या भागाला) आणि उरलेले होमला द्यावेत. मुलगी विद्यार्थिनी आहे. ती प्रयोग करणार आणि वर्षातून एकदा तरी उबुंटू मोडणार. होम वेगळे असले, तर रूट पुसून नव्याने बसवता येते आणि तिच्या फायली जागच्या जागी राहतात.

भाग पाडण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, डिस्क कूटबद्ध आहे का. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेले असते आणि पुष्कळांना त्याची कल्पनाही नसते. ते चालू असताना बूटची रचना बदलली, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच कागदावर उतरवून घ्यावी, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. उबुंटूचा इन्स्टॉलरही कूटबद्ध विंडोजच्या शेजारी बसण्यास नकार देतो, त्यामुळे ते काम होईपर्यंत एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण उलगडू द्यावी. एवढ्या मोठ्या डिस्कला त्यात बराच वेळ जातो. चार्जर लावूनच हे करावे.

दुसरी गोष्ट, इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर घाबरू नये. काही लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये साठवणुकीची पद्धत इंटेल आरएसटी अशी ठेवलेली असते आणि ती एएचसीआय करावी लागते. ती थेट बदलली, तर विंडोज सुरूच होत नाही. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगावे, मग फर्मवेअरमध्ये बदल करावा, सेफ मोडमध्ये एकदा जाऊन यावे आणि मगच नेहमीप्रमाणे सुरू करावे.

शिवाय, १०० एमबीचा ईएफआय भाग पाहून तो ‘फॉरमॅट’ करण्याचा मोह अनेकांना होतो. तो कधीही करू नये. विंडोज सुरू करणारा कार्यक्रम त्यातच राहतो, आणि उबुंटू त्याच भागात आपली वेगळी फोल्डर करून शेजारी नांदते. उबुंटूला काही एमबीच लागतात, म्हणून १०० एमबी पुरतात. जी लिनक्स वितरणे कर्नलसुद्धा ईएफआय भागात ठेवतात, त्यांना मात्र एवढी जागा पुरत नाही. आज उबुंटू आणि उद्या दुसरे काही, असा मुलीचा विचार असेल तर हे ध्यानात असू द्यावे.

रात्रपाळी

वेगळ्या होमविषयीचे म्हणणे मोठ्या डिस्कवर मला मान्य आहे. ११५ जीबीवर मात्र मधली भिंत जेथे बांधाल तेथे ती चुकीचीच ठरते. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यांत चालवणारे साधन) किंवा स्नॅप वापरू लागले की रूट भरते आणि होम ओस पडते. दुसरे कोणी चित्रफिती साठवू लागले की नेमके उलटे होते. मुलीच्या कामाच्या फायलींसाठी नियमित बॅकअप हवाच आहे, आणि तो असेल तर वेगळ्या होमचा फायदा फारसा उरत नाही. अर्थात हा आवडीनिवडीचा भाग आहे. एन्क्रिप्शनचा मुद्दा मी लिहायला हवा होता, तो राहून गेला. घाटमाथा यांचे आभार.

रिकव्हरी भागाविषयी थोडे सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोजचे एक अद्ययावतीकरण अनेक संगणकांवर अडले, कारण त्याला रिकव्हरी भागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि तेथे ती नव्हती. तुमचा रिकव्हरी भाग डिस्कच्या अगदी शेवटी, म्हणजे उबुंटूच्याही पलीकडे राहील; त्याला हात लावू नका. विंडोजला मोठा रिकव्हरी भाग हवा झाला, तर ती सी ड्राइव्हची शेपटी थोडी कापून तेथे नवा भाग करते. असा एखादा अनोळखी तुकडा नंतर सी आणि डी यांच्यामध्ये दिसला, तर तो उबुंटूने केला असे समजून पुसू नये.

कोपऱ्यातला

विषयाशी संबंधित असल्यामुळे येथेच विचारतो. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आहे. विंडोज ७ च्या काळात पाडलेले भाग अजून तसेच आहेत: सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि ई. ई ड्राइव्ह लहान करून जागा मोकळी केली, पण त्यात नवा भाग करू पाहिले तर विंडोज म्हणते की डिस्क ‘डायनॅमिक’ करावी लागेल. ‘होय’ म्हणावे का?

रात्रपाळी

अजिबात म्हणू नये. तुमची डिस्क एमबीआर या भागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीची आहे. ही पद्धत १९८३ पासूनची आहे आणि तिच्या तक्त्यात चारच प्राथमिक भागांची नोंद मावते; तुमचे चारही भरलेले आहेत. विंडोज त्यावर डायनॅमिक डिस्कची पळवाट सुचवते, परंतु ती स्वीकारली की उबुंटू बसवणे अवघड होऊन बसते आणि विदा न गमावता मागे फिरण्यासाठी विंडोजमध्ये सोय नाही.

ई ड्राइव्हमधील मजकूर बाहेर काढून तो भाग पुसा. नंतर त्या सर्व जागेत एक विस्तारित भाग करून त्याच्या पोटात हवे तेवढे तार्किक भाग करा; उबुंटू तार्किक भागावर विनातक्रार चालते. मदरबोर्ड यूईएफआय या संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीने सुरू होऊ शकत असेल तर आणखी चांगला मार्ग आहे. ई पुसून तीनच प्राथमिक भाग उरल्यावर विंडोज १० मधील एमबीआर-टू-जीपीटी हे साधन मजकूर न पुसता डिस्क जीपीटी या भागांची नोंद ठेवण्याच्या नव्या पद्धतीत बदलते. विस्तारित भाग केला असेल तर ते साधन चालत नाही, त्यामुळे कोणत्या वाटेने जायचे ते आधीच ठरवावे. जीपीटीत १२८ भागांची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, म्हणून शक्य असेल तर मी हीच वाट घेईन. फिरत्या डिस्कवर सुरुवातीचा, म्हणजे बाहेरच्या कडेचा भाग आतल्यापेक्षा लक्षणीय वेगवान असतो; शेवटी बसवलेले उबुंटू तुम्हाला थोडे संथ वाटेल, तो उबुंटूचा दोष समजू नये.

जुळारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी काम पार पडले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिले तेव्हा आडवी आलेली फाइल पेजफाइलच निघाली. सांगितल्याप्रमाणे सर्व बंद करून पुन्हा पाहिल्यावर विंडोज २२५ जीबी सोडायला तयार झाली. एन्क्रिप्शन खरोखरच चालू होते; ते उलगडायला संपूर्ण दुपार गेली. होम वेगळे ठेवलेले नाही, कारण मुलीने रात्रपाळी यांची बाजू घेतली.

दोन अडचणी आल्या आहेत. उबुंटूतून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे पडते, आणि इंटरनेट नसले तर बिलावर चुकीची वेळ छापली जाते. दुसरी अडचण विचित्र आहे. जुन्या कामांची फोल्डर मुलीने डी ड्राइव्हवरून उबुंटूच्या होममध्ये उतरवून घेतली, तेव्हा काही फायलींना ‘नाव फार लांब आहे’ असे सांगून नकार मिळाला. विंडोजमध्ये त्याच फायली वर्षानुवर्षे विनातक्रार आहेत.

घाटमाथा

साडेपाच तास हा आकडाच कारण सांगतो. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि उबुंटू त्याच घड्याळात जागतिक प्रमाण वेळ लिहिते. उबुंटूला स्थानिक वेळ ठेवण्यास एका आज्ञेने सांगता येते. मुलीला टाइमडेटसीटीएल या आज्ञेचे माहितीपृष्ठ वाचायला सांगा. परदेशी मार्गदर्शक लेखांत ही पद्धत टाळावी असे लिहिलेले आढळेल, कारण ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तेथे दोन्ही प्रणाली तो बदल आपापल्या परीने करून बसतात. भारतात तो प्रकारच नसल्यामुळे आपण निर्धास्त असावे.

बोरूबहाद्दर

दुसऱ्या अडचणीत माझा अनुभव उपयोगी पडेल. फायलींची नावे युनिकोड देवनागरीत आणि लांबलचक असणार, असा माझा कयास आहे. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ चिन्हांची असते, तर ईएक्सटी-४ मध्ये ती २५५ बाइटची असते. इंग्रजी नावात एका अक्षराला एक बाइट लागत असल्यामुळे हा फरक कोणाच्या लक्षातच येत नाही. लिनक्समध्ये नावे यूटीएफ-८ मध्ये लिहिली जातात आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे आपल्या वाट्याला फक्त ८५ चिन्हे येतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो; संगणकाच्या दृष्टीने तो सोळा चिन्हांचा आणि ४८ बाइटचा आहे. असे पाच शब्द आणि मधल्या मोकळ्या जागा आल्या, की २५५ बाइटच्या मर्यादेतील २४४ संपतात आणि फाइलच्या प्रकाराचे चार बाइट धरले तर जेमतेम सात उरतात.

हा दोष भाग पाडण्यातला नाही, आणि डिस्कवर दुसरी कोणतीही मांडणी केली असती तरी तो टळला नसता. विंडोजमध्ये जाऊन नावे आखूड करणे हाच उपाय. नावे बदलताना आणखी एक पाहावे: मुलीने उबुंटूतून डी ड्राइव्हवर फाइल ठेवताना नावात विसर्ग म्हणून कीबोर्डवरचा कोलन वापरला, तर विंडोजला ती फाइल उघडता येणार नाही. ‘दुःख’ या शब्दात खरा विसर्गच टंकावा.

जुळारी

अंदाज तंतोतंत बरोबर निघाला. कामाचे नाव, यजमानांचे पूर्ण नाव, प्रसंग आणि तारीख असे सगळे फाइलच्या नावातच लिहिण्याची माझी सवय आहे, आणि अडलेल्या सतरापैकी अकरा नावांत ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ आहे. मुलीने लांब नावे शोधून काढणारा छोटा कार्यक्रम लिहून दिला असून तो सध्या डी ड्राइव्हवर चालू आहे. घड्याळ दुरुस्त झाले.